उपरोक्त सर्व नावे

सिव्हिल लाइन्समध्ये, कोर्टाच्या भिंतीला लागून,
कडुलिंबाखाली माझं टेबल. अडतीस वर्षं झाली.
टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला,
मजकूर तोच:
मी, खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो की.

ती आली नवतपाच्या चौथ्या दिवशी,
डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात पॉलिथिनची पिशवी.
मेयोत नर्स. राहणार मोहननगर.
"काका, नाव एक करून पाहिजे."

पिशवीतून स्वतःला काढून तिनं टेबलावर मांडलं.
चर्चच्या नोंदीत इंगेबोर्ग सुंडक्विस्त.
शाळेच्या दाखल्यात इंगेबाई सुंदकिस.
आधारवर इंगोले.
त्या बाबूला वाटलं असेल, एवढं अवघड नाव नसतंच कुणाचं,
इंगोलेच असणार, वऱ्हाडाकडची.
विजेच्या बिलावर तिच्या वडलांचं एरिकचं हरीश झालेलं.
ते बिल त्यांनी हरीश म्हणूनच भरलं जन्मभर,
एकदाही लाइट कापली गेली नाही.

हे आलं कुठून बुवा, मी विचारलं.
पणजोबांचा बाप. जहाजांचा सुतार.
समुद्र सोडून मोतीबागच्या शॉपमध्ये आला,
छोट्या गाडीच्या डब्यांत बाकं ठोकली,
बायको इथलीच केली, निजला कामठीच्या कब्रस्तानात.
दगडावर गावाचं नाव आहे अजून: हेल्गेवीक.
"तिकडंच चालली मी."
रक्ताच्या नात्यावर?
"रक्तावर कोण व्हिसा देते, काका.
म्हाताऱ्यांची अंगं पुसायला माणसं पाहिजेत त्यांना."

मी टाइप केलं:
उपरोक्त सर्व नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
हे वाक्य मी हजारदा तरी बडवलं असेल,
पेन्शनसाठी, फेरफारासाठी, मेलेल्याच्या पासबुकासाठी.
ती वाचून थांबली, पेनचं टोपण चावत.
"मीच आहे, हे लिहावंच लागते का?"
लागतं. नाही तर नोटरी शिक्का मारत नाही.

तिनं सही केली. कोणती, ते मी पाहिलं नाही.
चहा मी पाजला.

पुढच्याच्या पुढल्या डिसेंबरात फोन आला.
माझ्याकडे रात्रीचे आठ, तिच्याकडे दुपारचे साडेतीन,
आणि दोन्हीकडे अंधार.
हेल्गेवीकला आता बारा घरं आहेत म्हणाली,
आणि बोटींची एक शेड, कुलूप लावलेली.
पहिल्या दिवशी दवाखान्यात कुणी तिचं नाव पुकारलं,
बरोबर, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर.
"आणि काका, मी वळूनच नाही पाहिलं.
मला वाटलं, दुसऱ्या कोणाला बोलावून राहिले."

मग एका म्हातारीचं सांगितलं.
ब्याण्णव वर्षांची, पोटच्या लेकीला ओळखत नाही,
सकाळी वाटी दिसली की ओठ हलवते: ग्रूत, ग्रूत.
"आमच्या घरी ज्वारीच्या आंबिलीला ग्रूत म्हणत.
मी समजायची मराठीच शब्द आहे.
शाळेत बोलली, तर पोरी हसल्या."
पुढं काही वेळ नुसता वारा ऐकू आला,
की नेटवर्कच तसं होतं, ठाऊक नाही.

इथंही विचारतात, म्हणाली, मूळची कुठली.
सदरच्या बाजारात डोळे पाहून विचारायचे,
इथं कातडी पाहून.
"तिकडं सांगायची, स्वीडन.
इकडं सांगते, नागपूर. तर म्हणतात, स्पेलिंग?"
हसली. मीही हसलो.
तिकडे ऊन कसं आहे, असं मी विचारून बसलो,
आणि जीभ चावली.

तिच्या प्रतिज्ञापत्राची कॉपी लॅपटॉपात आहे,
फाइलचं नाव इंगोले.
एकदा बदलायला बसलो.
बोटांना ते जोडाक्षर जमेना,
क्वि, आणि लगेच स्त,
मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.
ठेवलं तसंच.
समोर एक जण घाम पुसत उभा होता,
आधारवर त्याच्या बापाचं नाव
दोनदा छापून आलेलं.